बटाट्याची साल आणि नॅनोधागा

गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात परळच्या वाडिया बाल रुग्णालयात भाजलेल्या मुलांच्या जखमांवर बटाट्याच्या साली बांधल्या जात. हा आजीबाईच्या बटव्यातला उपाय नव्हता. उकडलेल्या बटाट्याची साल गॉजच्या पट्टीवर चिकटवायची, पट्टी निर्जंतुक करायची आणि मग ती जखमेवर गुंडाळायची, अशी रीतसर पद्धत होती. डॉ. मनोहर केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिचा प्राथमिक अहवाल १९८५ साली ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे २००३ मध्ये त्याच नियतकालिकात शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातून डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम आले. त्यांनी बटाट्याची साल आणि केळीचे पान यांची रुग्णांवर तुलना केली होती. निष्कर्ष असा, की जखम भरण्यात दोन्ही सारखीच, पण केळीचे पान कितीतरी पटींनी स्वस्त आणि तयार करायला सोपे.

आज जखमेच्या पट्टीवरचे संशोधन उघडले की वेगळीच भाषा भेटते. कायटोसान, जिलेटिन, रेशमातले फायब्रॉइन, समुद्री शेवाळातले अल्जिनेट अशा निसर्गातून मिळालेल्या पदार्थांचे, केसाच्या शेकडो पट बारीक धागे काढायचे, त्यांत चांदीचे कण, हळदीतले कुरकुमिन किंवा एखादे प्रतिजैविक मिसळायचे आणि त्या धाग्यांची जाळी जखमेवर घालायची. ‘नैसर्गिक’, ‘नॅनो’ आणि ‘जंतुनाशक’ हे तीन शब्द एकत्र आले की शोधनिबंध जवळजवळ आपोआप उभा राहतो. सालीपासून या जाळीपर्यंतचा रस्ता सरळ चढणीचा आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मला मात्र वाटते, की या चढणीवर आपण एक वळण चुकलो. नॅनोधाग्याचा खरा गुण त्याच्या विणीत आहे. आपण मात्र त्याला जंतू मारायच्या कामाला जुंपले, कारण जंतू मेलेले दाखवणे सोपे असते आणि माणसाची जखम भरलेली दाखवणे अवघड.

आधी पट्टीचे काम काय, ते पाहू. आपल्याकडे खरचटले, भाजले की पहिला सल्ला मिळतो, “झाकू नकोस, वारा लागू दे.” खपली धरली की घरातले सगळे निश्चिंत होतात. जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने १९६२ मध्ये या समजुतीला तडा दिला. डुकराची कातडी माणसाच्या कातडीच्या बरीच जवळची, म्हणून त्याने डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पातळ पॉलिथिन लावले. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण साधे आहे. नव्या कातडीच्या पेशी जखमेच्या कडांवरून आणि केसांच्या मुळांपासून सरकत सरकत मधला भाग व्यापतात. पृष्ठभाग ओलसर असला तर त्या वरून सरकतात. वाळून खपली धरली, तर त्यांना त्या कडक थराखालून वाट पोखरत जावे लागते.

सुती गॉज इथेच नापास होतो. तो ओल शोषतो, वाळतो आणि जखमेला चिकटतो. दुसऱ्या दिवशी ओढून काढला की कालपर्यंत आलेली कोवळी कातडीही त्याच्याबरोबर निघते. भाजलेल्यांच्या वॉर्डात ड्रेसिंगच्या ट्रॉलीची चाके वाजली की मुले रडायला लागतात, ती उगाच नव्हे. बटाट्याच्या सालीने आणि केळीच्या पानाने नेमकी हीच अडचण दूर केली. साल ओल धरून ठेवते. पान मेणचट, गुळगुळीत, म्हणून चिकटत नाही, आणि आकाराने एवढे मोठे की अख्खी पाठ एका पानात झाकली जाते. जंतूंचा नायनाट करण्याचा दावा दोघांपैकी कुणीच केलेला नाही. शरीर आपले काम करत असताना मध्ये लुडबुड करायची नाही, एवढेच त्यांनी केले.

या निकषावर नॅनोधागा पाहिला तर तो खरोखर विलक्षण आहे. तो तयार करण्याची पद्धत म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंग. तिची पहिली पेटंटे १९०२ सालची आहेत, म्हणजे कल्पना शंभरी ओलांडलेली. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पदार्थाचे दाट द्रावण भरतात आणि सुईला दहा ते तीस हजार व्होल्टचा विद्युतदाब देतात. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जाऊन शंकूसारखा होतो आणि त्याच्या टोकातून एक बारीक धार सुटते. ती हवेत चाबकासारखी फिरत जाते, वाटेत द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर कोरड्या धाग्यांची पांढरी साय जमते. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, तर हे धागे बहुधा एका मायक्रोमीटरपेक्षाही बारीक. आपल्या कातडीखाली कोलॅजेनचे जे तंतू पेशींना आधार देतात, तेही साधारण याच मापाचे. त्यामुळे सरकणाऱ्या पेशीला ही जाळी ओळखीची वाटते आणि तिला धरून ती पुढे जाते. वाफ बाहेर पडते, हवा आत येते, पण छिद्रे इतकी लहान की बाहेरच्या जंतूला आत शिरणे अवघड. साल आणि पान जे ढोबळपणे करतात, ते ही जाळी पेशीच्या मापाने करते.

एवढा गुण हाती असताना तिच्यात विष कालवण्याची घाई का? उत्तर प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मध्ये पट्टीचा गोल तुकडा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती जंतूविरहित कडे किती मिलिमीटरचे झाले ते मोजायचे. एका रात्रीत निकाल आणि छायाचित्रही सुंदर. पण बशीतले जंतू सुटे, उघडे असतात. जुनाट जखमेतले जंतू स्वतःभोवती चिकट थर विणून त्यात घर करून राहतात, आणि त्या थरातल्या जंतूंना मारायला कितीतरी जास्त मात्रा लागते. शिवाय बशीत जखमी माणसाच्या पेशी नसतात. जंतूला मारणारे रसायन त्या पेशींचे काय करते, याबद्दल बशी गप्प असते.

ही जुनी चूक आहे, आणि ती दाखवून देणारा माणूस पुढे पेनिसिलिनसाठी जगप्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग फ्रान्समधल्या बुलोन्यच्या लष्करी रुग्णालयात होता. सैनिकांच्या खोल जखमा तेव्हा कार्बोलिक आम्लासारख्या तीव्र जंतुनाशकांनी धुतल्या जात. फ्लेमिंगने एका काचेच्या नळीला तापवून जागोजागी काट्यांसारखे पोकळ कोपरे काढले आणि वेड्यावाकड्या जखमेची प्रतिकृती तयार केली. तिच्यात जंतू भरले, जंतुनाशकाने धुतले. कोपऱ्यांत लपलेले जंतू दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरले. त्याला आणखी एक गोष्ट दिसली. ही रसायने जंतूंच्या आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाच मारत, म्हणजे जंतूंशी लढणारे शरीराचे स्वतःचे सैन्यच आधी गारद होत असे. त्यापेक्षा मिठाच्या पाण्याने धुवा, असे फ्लेमिंग आणि त्याचे वरिष्ठ आल्मरॉथ राइट यांचे म्हणणे होते. तेव्हा ते फारसे कुणी मनावर घेतले नाही.

चांदीच्या बाबतीत हाच धडा पुन्हा गिरवला गेला. १९६८ पासून भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम जगभर रुळले. आपल्या सरकारी दवाखान्यांतही भाजलेला रुग्ण आला की पहिला हात त्याच मलमाकडे जातो. पुढे वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या पद्धतशीर आढाव्यात दिसले, की या मलमाने भाजलेल्या जखमा आधुनिक पट्ट्यांच्या तुलनेत उशिराच भरतात. इंग्लंडमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शिरांच्या विकारामुळे पायाला व्रण झालेल्या २१३ रुग्णांना दोन गटांत विभागले होते. एका गटाला चांदी सोडणारी पट्टी, दुसऱ्याला साधी न चिकटणारी. बारा आठवड्यांनी पहिल्या गटातले सुमारे ६० टक्के आणि दुसऱ्यातले ५७ टक्के व्रण भरले होते. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होता. खर्चातला फरक मात्र नगण्य नव्हता.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा सोलापूरचा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना मधात भिजवलेला गॉज, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात फक्त ७ टक्के. पंधरा दिवसांत भरलेल्या जखमा अनुक्रमे ८७ आणि १० टक्के. इतके एकतर्फी आकडे पाहून कुणीही म्हणेल, की बघा, जंतू मारले आणि जखम भरली. पण मध जंतू मारतो तसाच जखम ओलसर ठेवतो आणि गॉजला चिकटू देत नाही. यातल्या कोणत्या गुणाने काम केले, हे या तुलनेवरून ठरत नाही. शिवाय तुलना ज्या मलमाशी केली, ते मलम स्वतःच जखम भरण्याचा वेग कमी करते. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून कॉक्रेनने हिशेब मांडला, तेव्हा भाजलेल्या उथळ जखमांत मधाचा फायदा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत चार-पाच दिवसांचा निघाला. हाही फायदा लहान नाही. पण तुम्ही कुणाशी तुलना करता, यावर निम्मा निकाल ठरतो, हे सोलापूरने शिकवले. आणि ते शिकवता आले, कारण अभ्यास माणसांवर झाला होता.

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाकडे वळू. तो ऐकला की आपण निर्धास्त होतो. कायटोसान येते कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून. कोळंबी सोलल्यावर उरणाऱ्या ढिगाचे काहीतरी होते, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या कुणालाही आनंदाची. पण कवचाचे कायटोसान होईपर्यंत त्यातले क्षार काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल, प्रथिने काढायला कॉस्टिक सोडा आणि शेवटी पुन्हा तापवलेला, खूप तीव्र कॉस्टिक सोडा लागतो. मग हे कायटोसान एकटे धाग्यात यायला तयार नसते, म्हणून त्यात बहुतेक वेळा पॉलिव्हिनिल अल्कोहोल किंवा पॉलिएथिलिन ऑक्साइड हे कारखान्यातले पदार्थ मिसळतात. कोलॅजेनची कथा याहून बोलकी आहे. ते विरघळवायला फ्लोरिनयुक्त तीव्र द्रावक वापरले, तर त्याची मूळची तिहेरी पिळाची रचनाच उलगडते आणि हाती उरते जवळपास जिलेटिन. जिलेटिनचे धागे पाण्यात विरघळतात, म्हणून त्यांना ग्लुटराल्डिहाइडने घट्ट बांधायचे, आणि हे रसायन पेशींना घातक. पट्टीच्या नावातला निसर्ग खरा आहे. जखमेपर्यंत काय पोहोचले, हे मात्र अखेरच्या धुण्यावर आणि उरलेल्या द्रावकाच्या मोजमापावर ठरते, आणि हे मोजमाप निबंधात अनेकदा सापडत नाही.

कायटोसानच्या जंतुनाशक गुणाचेही तसेच. आम्ल वातावरणात त्याच्या रेणूंवर धनभार येतो. जंतूच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, म्हणून कायटोसान त्याला जाऊन चिकटते आणि त्याचे आवरण फाडते. पण पीएच साडेसहाच्या वर गेला की हा धनभार ओसरू लागतो. चिघळलेल्या जुनाट जखमेचा पीएच बहुधा सातच्या वर, अल्कधर्मी बाजूला असतो. म्हणजे गरज जिथे जास्त, तिथे हे हत्यार बोथट. त्यात कायटोसान विरघळवतात ॲसिटिक आम्लात, आणि ॲसिटिक आम्ल स्वतःच जंतू मारते. धाग्यात त्याचा अंश उरला असेल, तर बशीतल्या त्या कड्याचे श्रेय कुणाचे? हळदीबाबत तर आपल्या भावना अधिकच हळव्या. जखमेवर हळद लावण्याच्या पद्धतीला अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतले, तेव्हा महाराष्ट्राला अभिमान वाटला आणि तो योग्यच होता. पण तो खटला जुन्या ज्ञानावर नवा हक्क सांगता येणार नाही, एवढ्यापुरता होता. कुरकुमिन जखम किती दिवसांत भरते, याचा निवाडा त्या खटल्यात झालेला नाही. कुरकुमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, शरीराच्या पीएचला टिकत नाही, आणि प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांना चकवा देऊन खोटे होकार मिळवते, हे औषधरसायनशास्त्रज्ञ जाणतात. ते टिकवून धरायला नॅनोधागा उपयोगी पडेलही. पण ते सिद्ध करायचे ते रुग्णाच्या पायावर.

रुग्णाच्या पायावर, उंदराच्या पाठीवर नव्हे. नॅनोपट्ट्यांचे बहुतेक प्रयोग उंदरांपाशी थांबतात. उंदराची कातडी सैल असते. तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो आणि तो आकसून जखमेच्या कडा एकमेकींजवळ ओढून घेतो. माणसाची जखम मुख्यतः मांस भरून आणि वरून नवी कातडी येऊन बरी होते. उंदराची जखम चौदा दिवसांत मिटली, यात पट्टीचे कर्तृत्व किती आणि उंदराच्या जातीचे किती, हे वेगळे काढायला विशेष काळजी घ्यावी लागते. या सगळ्यावर एक बोलके उदाहरण आहे. इलेक्ट्रोस्पिनिंगने बनवलेली रेस्ट्राटा ही जखमेवरची जाळी २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळवून बाजारात आली. ती पूर्णपणे कृत्रिम, विरघळणाऱ्या बहुवारिकांची आहे, शस्त्रक्रियेच्या टाक्यांच्या धाग्यांत वापरतात त्या कुळातली. त्यात ना कोळंबी, ना हळद, ना चांदी. ती रुग्णांपर्यंत पोहोचली ती धाग्यांच्या रचनेच्या बळावर.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला, संसर्ग झालेल्या जखमेचे काय? मधुमेहाच्या रुग्णाच्या पायातली संवेदना जाते, चपलेतला खडा कळत नाही, जखम चिघळते, हाडापर्यंत पू जातो आणि शेवटी पाय कापावा लागतो. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत, आणि मधुमेह्याला आयुष्यात कधीतरी पायाला व्रण होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के मानली जाते. अशा पायाला नुसती ओल पुरत नाही. रक्तपुरवठा आटलेल्या बोटापर्यंत गोळीतले प्रतिजैविक पोहोचत नाही, तिथे धाग्यात भरलेले औषध दिवसेंदिवस थोडे थोडे सुटत राहिले तर ते वरदानच. ही नॅनोधाग्याची खरी जागा आहे, आणि म्हणूनच ती राखून ठेवली पाहिजे. चांदीला दाद न देणारे जंतू बोस्टनमधल्या भाजलेल्यांच्या एका वॉर्डात १९७५ मध्येच सापडले होते. प्रत्येक खरचटण्यावर जंतुनाशक पट्टी लावत गेलो, तर ज्या पायाला तिची गरज आहे, त्याच्यापाशी ती पोहोचेपर्यंत निकामी झालेली असेल.

दुसरा आक्षेप असा, की साल आणि पान हा गरिबीचा इलाज आहे, त्याचे गोडवे कशाला? मान्य. केळीचे पान दरवेळी सारखे नसते, साठवता येत नाही, त्याचे उत्पादन करून पेटीत भरून गडचिरोलीला पाठवता येत नाही. ते विकून कुणाचा फायदा नाही, म्हणून ते कुणी विकायलाही आले नाही. कारखान्यात बनणारी, प्रमाणित, स्वस्त पट्टी मिळाली तर मी पानाला रजा द्यायला तयार आहे. पण ‘स्वस्त’ कशाला म्हणायचे, तेही नीट ठरवू. समजा, वीस रुपयांचा गॉज रोज बदलावा लागतो आणि जखम भरायला महिना लागतो. पट्टीचे सहाशे झाले, पण तालुक्याच्या दवाखान्याच्या तीस फेऱ्या आणि तितके बुडालेले रोज कुठल्या पावतीवर येतात? तीनशे रुपयांची पट्टी पाच दिवस टिकली आणि जखम पंधरा दिवसांत भरली, तर नऊशे रुपयांत आणि तीन फेऱ्यांत काम झाले. वीस रुपयांची पट्टी महाग पडली. मात्र तीनशेची पट्टी पाच दिवस टिकते आणि जखम खरेच निम्म्या वेळात भरते, हे आधी कुणीतरी माणसांवर मोजून दाखवायला हवे. ते न मोजता तीनशे रुपये मागणे हा व्यापार झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. रुग्णांची वाण नाही, दुर्दैवाने. त्यांच्यावर उपचार करणारे, नोंदी ठेवणारे डॉक्टर महापालिकेच्या रुग्णालयांत आहेत, आणि धागे काढणारी यंत्रे विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत आहेत. या दोघांची गाठ पडत नाही. पीएच.डी. बशीतल्या कड्यावर मिळते, वॉर्डात दोन वर्षे घालवून नाही. म्हणून संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थांनी यापुढे एक साधी अट घालावी. नवी पट्टी उघड्या जखमेशी किंवा कोरड्या गॉजशी ताडून जिंकली, हे पुरे धरू नये. तिची तुलना वॉर्डात आज जी सर्वांत चांगली आणि स्वस्त पट्टी मिळते तिच्याशी व्हावी. जखम किती दिवसांत भरली, पट्टी किती वेळा बदलली, काढताना किती दुखले आणि भरलेल्या एका जखमेमागे एकूण किती रुपये गेले, हे चार आकडे तिच्यापुढे लिहावेत. जंतुनाशक घातले असेल, तर तेच धागे जंतुनाशकाशिवायही तपासावेत, म्हणजे काम विणीने केले की विषाने, ते कळेल.

ही अट जाचक वाटत असेल, तर एवढेच आठवावे, की शीवच्या वॉर्डात केळीच्या पानाने ही परीक्षा २००३ मध्येच दिली आहे.